साडूचे सतरा नियम

माझ्या साडूचा फोन लंडनमध्ये चोरीला गेला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात माझं होतं नव्हतं ते वजन गेलं.

साडू म्हणजे रितेश. माझी बायको रोहिणी आणि त्याची बायको रोशनी या सख्ख्या बहिणी. तो राहतो रोह्याला, धाटावच्या एका केमिकल कंपनीत नोकरीला आहे. कंपनीने त्याला आठ दिवस लंडनला पाठवलं होतं. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तर तिथे भर रस्त्यात सायकलवरून कोणीतरी आला, ह्याच्या हातातला फोन हिसकावला आणि पसार झाला. संपली गोष्ट. ह्यात रितेशचं कर्तृत्व काय, सांगा! जे काही केलं ते चोराने केलं. ह्याने फोन नुसता धरला होता, आणि तोही नीट धरला नव्हता.

पण परत आल्यावर रोह्यात ह्याचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. मग ह्याने व्याख्यानच तयार केलं, ‘परदेशातील महानगरात सुरक्षित कसे राहाल?’ पहिलं रोह्याला झालं, दुसरं नागोठण्याला, आणि तिसरं पेणला. माझ्या पेणला! रोहिणी पहिल्या रांगेत वही घेऊन बसली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं एक वाक्य तिने कधी लिहून घेतलेलं नाही.

आता तुम्हीच न्याय करा. चार वर्षांपूर्वी वडखळला एस.टी.त चढताना माझा फोन मारला गेला, तेव्हा हीच बाई मला म्हणाली होती, “बावळटासारखे उभे असाल.” आणि ह्याचा लंडनला गेला तर, “रितेशरावांचं प्रसंगावधान बघा, जराही डगमगले नाहीत!” म्हणजे माणसाची किंमत त्याचा चोर कुठल्या गावचा यावर ठरते. मी जळलो. सरळ सांगतो, उगाच मोठेपणाचा आव आणत नाही. रात्रंदिवस जळत होतो. पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या त्या तेव्हापासूनच.

अशात डिसेंबरात माझ्या नशिबाने उचल खाल्ली. पेणला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. आमच्या थोड्या मूर्ती मुंबईच्या एका दलालामार्फत लंडनच्या एका मराठी मंडळाकडे जायच्या. त्या मंडळाचे सेक्रेटरी सुशीलराव यांचा मलाच थेट फोन आला. येत्या भाद्रपदासाठी त्यांना तीनशे मूर्ती हव्या होत्या, शाडूच्या, दलालाला वगळून. “पण नमुना प्रत्यक्ष बघायचाय. जानेवारीत एकदा येऊन जाता का?”

येऊन जाता का! जसं काही शेजारच्या हमरापूरहून पेणला. मी छाती फुगवून रोहिणीला म्हटलं, “मला लंडनला जावं लागेल. कामानिमित्त.”

ती म्हणाली, “अगोबाई! रितेशरावांना विचारून घ्या हं सगळं.”

व्हिसाच्या कागदपत्रांनी मला पुरता पिळून काढला. फोटो तीनदा परत आला, कारण मी हसत होतो म्हणे. स्टुडिओवाला म्हणाला, “शेठ, मयताला गेल्यासारखा चेहरा करा.” मी रितेशचं व्याख्यान आठवलं, फोटो लगेच पास झाला. मग एजंट म्हणाला, तुम्ही परत येणार याचा पुरावा द्या. मी म्हटलं, “अहो, माणूस पेण सोडून राहील कशाला?” तो म्हणाला, “बरोबर आहे शेठ, पण असं अर्जात लिहून चालत नाही.”

आणि सल्ले! आमच्या शेजारी हैबतराव राहतात, रिटायर्ड हवालदार. ते रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला अचूक यायचे. “प्रदीपशेठ, चोर नजरेवरून ओळखायचा. मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली.”

“नजरेवरून किती पकडलेत?” मी विचारलं.

“तो विषय वेगळा,” ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. पण बनियनला आतून चोरखिसा शिवून घ्या, हा त्यांचा सल्ला रोहिणीला पटला. तिने स्वतः शिवला. इतका आत, की पासपोर्ट काढायचा तर चारचौघांत शर्टाची चार बटणं उघडावी लागत होती.

शेवटी खुद्द रितेश आला. हसत आला. त्याचं ते हसणंच मला सहन होत नाही, कारण त्यात खोट सापडत नाही. त्याने सतरा नियम एका कागदावर छापून आणले होते, आणि तो कागद लॅमिनेट केला होता. लॅमिनेट! आमचं लग्नाचं सर्टिफिकेट अजून घडी घालून कपाटात पडलंय.

“साडूभाऊ, हे जवळ ठेवा,” तो म्हणाला. “रस्त्यात फोन काढायचा नाही. नकाशा उघडायचा नाही, रस्ता माहीत असल्यासारखं चालायचं. पाकिटं दोन ठेवायची, एक चोरासाठी. आणि अकरावा नियम सगळ्यात महत्त्वाचा. पासपोर्ट अशा जागी ठेवा, की चोराच्या स्वप्नातही येणार नाही. मी बुटात ठेवला होता.”

“अय्या, बुटात!” रोहिणी म्हणाली. व्याख्यानात याच वाक्याला टाळ्या पडतात. मी तेव्हाच मनात ठरवलं, ह्याच्या बुटापेक्षा भारी जागा शोधीन तरच नावाचा प्रदीप.

नमुन्याची मूर्ती सव्वा फुटाची घेतली. तिचे डोळे आमच्या वनिताने काढले होते. पेणमध्ये डोळ्यांची आखणी करणारे पुष्कळ आहेत, पण वनिताचा हात वेगळाच. मूर्ती खोक्यात ठेवताना ती म्हणाली, “शेठ, आपटू नका हां. आन भिऊ नका, बाप्पाची नजर हाय तुमच्यावर.” प्रवासात कुठे टवका उडाला तर बुजवायला म्हणून अर्धा किलो शाडूची पावडरही तिने पिशवीत बांधून दिली.

ती पावडर लंडनच्या विमानतळावर निघाली. पांढुरकी, बारीक, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. अधिकाऱ्याने पिशवी दोन बोटांत उचलली आणि अत्यंत अदबीने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, “क्ले, सर. फॉर रिपेअरिंग गॉड.”

त्याने आणखी दोघांना बोलावलं. मला बाजूच्या खोलीत बसवलं. पावडरीची तपासणी झाली, माझी तपासणी झाली. बटणं उघडून चोरखिशातून पासपोर्ट काढला तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरं सांगू? भीती वाटलीच, पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं. रितेशला विमानतळावर कुणी पाच मिनिटं थांबवलं नव्हतं. माझ्यासाठी तीन माणसं आणि एक मशीन कामाला लागलं होतं! दीड तासाने पावडर परत दिली, मूर्ती परत दिली. मी त्यांना एक एक पोह्याचा पापड देऊ केला, तो मात्र त्यांनी घेतला नाही.

हॉटेल स्टेशनपासून दहा मिनिटांवर होतं. मी नियमाप्रमाणे फोन काढला नाही, नकाशा उघडला नाही, रस्ता माहीत असल्यासारखा चाललो. सव्वा तास चाललो. इतका आत्मविश्वासाने चाललो, की दोन गोऱ्या माणसांनी मलाच पत्ता विचारला. हातात खोकं, अंगात तीन स्वेटर, नाकातून पाणी. चोर यावा म्हणून, खोटं कशाला बोलू, मी दोनदा मुद्दाम रेंगाळलो. साधा एक चोर! माझ्या बाबतीतही काहीतरी घडावं, पेणला जाऊन चार लोकांत सांगता यावं. चोरासाठीचं पाकीट मागच्या खिशातून अर्धं बाहेर काढून ठेवलं होतं. ते पडलं. एक बाई ते घेऊन अर्धा रस्ता धावत आली, हातात दिलं, वर म्हणाली, सांभाळून ठेवा. मला रडू आलं. चोरांनासुद्धा मी त्या लायकीचा वाटलो नाही.

हॉटेलच्या खोलीत तिजोरी होती. पण नियम चौदा, तिजोरीवर विश्वास नको. चोरखिसा विमानतळावर जगजाहीर झाला होता. बुटात ठेवणं म्हणजे रितेशची नक्कल. मी पलंगावर बसून विचार करत होतो आणि समोर टेबलावर मूर्ती होती. एकदम प्रकाश पडला.

आमच्या मूर्ती साच्यातल्या, आतून पोकळ. बैठकीखाली हाताएवढं भोक असतं. पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी बाप्पाच्या पोटात सरकवला, बेसिनमध्ये शाडू कालवला आणि भोक लिंपून टाकलं. हेअर ड्रायरने वाळवलं. असं काम केलं, की वनितालाही कळलं नसतं! आणि पाप वगैरे काही वाटलं नाही बरं का. आमच्या धंद्यात पूजा होईपर्यंत मूर्ती म्हणजे माल. कारखान्यात आम्ही माल मांडीवर घेतो, उलटा करतो, टेम्पोत एकावर एक रचतो. प्राणप्रतिष्ठा झाली की मग तो देव, मग आमचा हात जोडण्यापुरता. हा फरक पेणच्या शेंबड्या पोराला कळतो. मला वाटलं होतं, मला जास्तच कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं घेऊन सुशीलरावांच्या घरी गेलो. बेल वाजवली. दार उघडलं तर आत तीस-पस्तीस माणसं, बायका नऊवारीत, उदबत्तीचा वास. माघी चतुर्थी! धंदेवाईक माणूस मी, मला फक्त भाद्रपद लक्षात राहतो.

सुशीलराव डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “प्रदीपशेठ, आमची मागवलेली मूर्ती पार्सलमध्ये सोंडेतून फुटली हो! आत्ता अर्ध्या तासापूर्वी खोकं उघडलं. सगळे हताश होऊन बसलो होतो. आणि तुम्ही दारात बाप्पा घेऊन उभे!”

“अहो, हा नमुना आहे,” मी म्हटलं.

“नमुना? साक्षात आलाय तो!” एक आजीबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातून खोकं गेलंच. मी ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडलं. पण पुढे काय म्हणणार होतो? थांबा, देवाच्या पोटात माझा पासपोर्ट आहे? तीनशे मूर्तींचं गिऱ्हाईक समोर, घरभर माणसं. मी तोंड उघडंच ठेवलं, त्यात कुणीतरी पेढा घातला. तोपर्यंत पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओवरून मंत्र सुरू केले होते. दहा मिनिटांत मालाचा देव झाला. वनिताने काढलेले ते डोळे चौरंगावरून सरळ माझ्याकडे बघत होते.

“किती दिवसांचा?” मी विचारलं.

“यंदा पाच दिवसांचा!” सुशीलराव म्हणाले. “विसर्जन इथेच, मागच्या अंगणात, टबात.”

माझं विमान परवा सकाळी होतं.

मूर्तीला हात लावावा तर देवाचा अपमान आणि ऑर्डर गेली. न लावावा तर विमान गेलं, आणि मग घरी काय सांगायचं? आणि घरी कळलं म्हणजे रोह्याला कळलं. हेच खरं दुखणं होतं. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. पण रितेशच्या व्याख्यानात अठरावा नियम म्हणून माझं नाव येणार, लोक पोट धरून हसणार, रोहिणी पहिल्या रांगेत बसून ते लिहून घेणार. त्यापेक्षा थेम्स नदी बरी.

दोन आरत्या होईपर्यंत विचार केला. ह्या शहरात काय करावं हे कळणारा आख्ख्या रायगड जिल्ह्यात मला एकच माणूस ठाऊक होता. मी सुशीलरावांच्या बाथरूममध्ये गेलो, कडी लावली, नळ सोडला आणि रितेशला फोन केला.

तो सेकंड शिफ्टला होता. मी पुटपुटत सगळं सांगितलं. फोनवर तो हसेल म्हणून मी फोन कानापासून लांबच धरला होता. तो हसला नाही. ह्या माणसाला हसायचं कधी आणि कधी नाही हेसुद्धा कळतं, याचा मला केवढा संताप आला!

“साडूभाऊ, घाबरू नका,” तो म्हणाला. “मला त्या सुशीलरावांचा नंबर पाठवा. तुम्ही बाहेर जाऊन प्रसाद खा.”

मी जाऊन प्रसाद खाल्ला. पाच मिनिटांत सुशीलरावांचा फोन वाजला. ते कोपऱ्यात जाऊन बोलले, आणि परत आले ते डोळे पुसत. सगळ्यांना शांत करून म्हणाले, “मंडळी, ह्या मूर्तीमागे मोठी गोष्ट आहे! प्रदीपशेठ बोलले नाहीत, पण त्यांच्या साडूंनी सांगितलं. रितेशरावांवर याच शहरात चोरीचा प्रसंग ओढवला होता. त्यांनी नवस केला होता, सुखरूप घरी पोचलो तर पेणची मूर्ती लंडनला पाठवीन आणि दीड दिवस बसवीन. ती ही मूर्ती! तेव्हा आपण यंदा दीड दिवस करू. नवस मोडायचा नाही. विसर्जन मूर्तिकाराच्या हातून व्हावं, अशीही त्यांची इच्छा आहे.”

टाळ्या पडल्या. लोकांनी ‘रितेशरावांचा गणपती’ म्हणून फोटो काढले. मूर्ती माझी, पासपोर्ट माझा, भाडं मी भरलेलं, आणि गणपती रितेशचा! मी सुटलो होतो, आनंदाने नाचायला हवं होतं. पण टाळ्या ऐकून माझं पित्त उसळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली. अंगणात टब, टबात बर्फासारखं पाणी. मी मूर्ती तीनदा बुडवली आणि हात आतच ठेवला. मंडळी थंडीने कुडकुडत आत गेली. सुशीलराव मात्र भक्तीने माझ्याशेजारी उभे. शाडू उत्तम प्रतीचा, आमच्या कारखान्याचा, विरघळता विरघळेना. जाहिरातीत आम्हीच लिहितो, ‘आमची मूर्ती भक्कम.’ अर्धा तास गेला, माझ्या बोटांची जाणीव गेली. मी अथर्वशीर्ष दोनदा म्हटलं, मग येत नव्हतं ते स्तोत्रही म्हटलं. शेवटी बैठक सुटली. पिशवीत हवा राहिली होती, त्यामुळे पासपोर्ट बुडबुडत वर आला आणि दिमाखात तरंगायला लागला.

मी झडप घातली आणि थेट चोरखिशात कोंबला.

“काय हो ते?” सुशीलरावांनी विचारलं.

“निर्माल्य,” मी म्हटलं. “पेणला नेऊन नदीत सोडणार.”

“केवढी श्रद्धा!” ते म्हणाले आणि तिथेच तीनशे मूर्तींची ऑर्डर पक्की केली.

पेणला परतलो तर माझा सत्कार ठरलेला. शाल, श्रीफळ, सगळं रितेशइतकंच, नारळ उलट थोडा मोठा. मी खुर्चीवर बसलो होतो आणि निवेदक म्हणाला, “आता दोन शब्द बोलतील त्यांचे साडू.” आता हा सांगणार! मी हाताने खुर्ची घट्ट धरली.

रितेश उभा राहिला आणि म्हणाला, “मी लंडनला जाऊन फोन घालवून आलो. साडूभाऊ ऑर्डर घेऊन आले. मी नुसते नियम सांगतो, ते पाळणारे हे.” आणि खाली बसला.

बाथरूमचं नाव नाही, नवसाचं नाव नाही. नंतर जेवताना नाही, निघताना नाही, पुढच्या तीन महिन्यांत एकदाही नाही. दर पंधरा दिवसांनी तो येतो, चहा पितो, हसतो. साधा डोळासुद्धा मिचकावत नाही! मी त्याला उचकवून पाहिलं. म्हटलं, तुझं व्याख्यान फार लांबतं. म्हणाला, “खरंय साडूभाऊ, कमी करतो.” अशा माणसाचं करायचं काय? चोराने लुटलेला रितेश मी कसाबसा सोसला होता. पण माझी लाज झाकणारा रितेश? तो दारात आला की मला जेवण जाईना. त्याचं हे उपकाराचं भांडवलच मोडून काढायचं, असं मी ठरवलं. गुपितच राहिलं नाही तर हा राखणार काय?

म्हणून परवा दुपारी मी रोहिणीला समोर बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. बाथरूम, नवस, निर्माल्य, काही लपवलं नाही. ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते मी सोसलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “आणि रितेशरावांनी तीन महिन्यांत रोशनीलासुद्धा सांगितलं नाही? केवढं मन म्हणायचं माणसाचं!” लगेच फोन उचलून तिने त्यांना रविवारी जेवायला बोलावलं.

उद्या रविवार. त्याला वालाचं बिरडं फार आवडतं, म्हणून किलोभर वाल भिजवून मोड आणलेत. ते सोलायला मला बसवलंय.